नकार आला, मग मोबदला आला

*पत्राचा गोषवारा: ही वाचक पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. यंदा बारावी विज्ञानची परीक्षा दिली आहे. अर्थशास्त्र आणि गणित शिकायचं म्हणून तिने अमेरिकेतल्या काही कॉलेजांत अर्ज केले होते. सगळ्यांत जास्त मन होतं त्या खासगी कॉलेजात जवळजवळ पूर्ण खर्चाची मदत मागितली होती. मार्चअखेर तिथून नकार आला. दुसऱ्या एका खासगी कॉलेजाने प्रतीक्षायादीत ठेवलं आहे. एका राज्य विद्यापीठाने प्रवेश दिला आहे आणि वर्षाला 12,000 डॉलरची शिष्यवृत्तीही. नकारानंतर काही दिवसांतच रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला, 1 कोटी 90 लाख रुपये, वडिलांच्या खात्यावर जमा झाला. जमीन आजोबांची. सातबाऱ्यावर वडील आणि दोन आत्या अशी तीन नावं. आत्यांनी संमतीपत्रावर सह्या केल्या म्हणून रक्कम एकाच खात्यावर आली. ती लिहिते : ‘पैशांमुळेच नाकारलं हे उघड आहे. आता निम्मा खर्च आम्ही करू शकतो. तसं कळवून अपील करू का? एक सल्लागार 40,000 रुपयांत अपील लिहून देतो म्हणतोय. बाबा तयार आहेत. आई काहीच बोलत नाही.’*

तुझं पत्र व्यवस्थित आहे. आकडे आहेत, तारखा आहेत, कुठे रडगाणं नाही. फक्त एका वाक्याला काही आधार नाही आणि बाकीचं सगळं पत्र नेमकं त्याच वाक्यावर उभं आहे : ‘पैशांमुळेच नाकारलं हे उघड आहे.’

उघड कुठे झालं? नकाराचा ईमेल तू सोबत जोडला आहेस. अर्ज खूप आले, जागा थोड्या, निर्णय कठीण होता, तुला शुभेच्छा. एवढंच. हाच मजकूर हजारो मुलांना गेलेला असतो. त्यात कारण नसतं आणि विचारलं तरी सांगत नाहीत.

तुझी शंका अगदीच निराधार आहे असं मात्र नाही. विद्यार्थी किती मदत मागतोय याकडे न बघता प्रवेश ठरवायचा, हा नियम परदेशी मुलांनाही लावणारी कॉलेजं अमेरिकेत मोजकीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट ही त्यातली जुनी नावं. 2022 मध्ये डार्टमथने तो नियम स्वीकारला, नंतर आणखी काहींनी. उरलेल्या बहुतेक ठिकाणी परदेशी अर्जदाराने मागितलेली मदत निर्णयात धरली जाते. याला तिकडे ‘नीड-अवेअर’ म्हणतात आणि तुझं कॉलेज तसंच आहे. तिथे परदेशी मुलांच्या मदतीसाठी ठरावीक निधी असतो. अव्वल अर्ज आधी निघतात. मधल्या गठ्ठ्यात आल्यावर मात्र दोन मुलं सारखीच असतील, तर कोण कमी पैसे मागतंय हे बघितलं जातं. तुझा अर्ज त्या मधल्या गठ्ठ्यापर्यंत पोहोचून पैशांवर अडला की त्याआधीच बाजूला पडला, हे बाहेरच्या कोणालाही कळायला मार्ग नाही.

समजा, पैशांवरच अडला. तरी आता एप्रिल निम्मा सरलाय. तो निधी वाटून झाला, त्या जागा दुसऱ्या मुलांना देऊन झाल्या. आणि तू काय कळवणार आहेस? ‘पूर्ण नको, निम्मी मदत द्या.’ म्हणजे मदत मागणारी अर्जदार तू कालही होतीस आणि आजही आहेस. रक्कम बदलली, रकाना तोच राहिला.

आता अपिलाबद्दल. आपल्याकडे बोर्डाचा निकाल पटला नाही तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो, फी भरली की मंडळाला दखल घ्यावीच लागते. तुझ्या डोक्यात अपिलाचं तेच चित्र असावं. खासगी अमेरिकन कॉलेजावर असं कसलंही बंधन नाही. त्यांतली बरीचशी आपल्या संकेतस्थळावर सरळ लिहितात की निर्णय अंतिम आहे, फेरविचार होत नाही. अपिलाची रीतसर सोय जास्त करून सरकारी विद्यापीठांत सापडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसांचं उदाहरण घे. त्यांच्याकडे अपिलाचा फॉर्म असतो, मुदत असते, आणि अट अशी की मूळ अर्जात नसलेली, नवी आणि वजनदार माहिती हवी. पण हेच विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्यांना गरजेनुसार आर्थिक मदत देतच नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे आता पैसे आले’ या माहितीला तिथे काही वजन नाही. गंमत बघ : जिथे अपील करता येतं तिथे बहुधा पैशांचा प्रश्न नसतो आणि जिथे पैशांचा प्रश्न असतो तिथे बहुधा अपील नसतं.

मग अपील चालतं कशावर? चुकीवर. शाळेने भलत्याच मुलीची गुणपत्रिका पाठवली, अकरावीचे गुण चढवायचे राहिले, शिक्षकांचं शिफारसपत्र पोहोचलंच नाही, दोन अर्जदारांची नावं सारखी होती म्हणून कागद अदलाबदल झाले. असं काही तुझ्या बाबतीत झालंय का, हे अर्जाच्या पोर्टलवर जाऊन एकदा तपास. झालं असेल तर शाळेच्या पत्रासह लगेच कळव, त्याला कोणी अपील म्हणो वा न म्हणो. झालं नसेल तर त्या कॉलेजाचा विषय यंदापुरता संपला. वाईट वाटेल, वाटू दे.

आणि ते 40,000 रुपये देऊ नकोस. त्या माणसाला अपील या शब्दाच्या पलीकडे विकण्यासारखं काही नाही. कॉलेजात त्याची ओळख नाही. असलीच तर ती चालणार नाही. त्याने लिहिलेलं पत्र तुझ्या नावाने गेलं तर उलट पंचाईत, कारण तुझे मूळ निबंध त्यांच्याकडे आहेत आणि दोन्हींची भाषा वेगळी आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षात येतं.

इथवर कॉलेजाचं झालं. आता तुझ्या पत्रात जिथे मी जास्त वेळ अडले तिथे येते. ‘आमची आर्थिक परिस्थिती बदलली’ असं तू लिहितेस. खरंच बदलली का आणि किती, हे कागदावर मांडून बघू.

त्या खासगी कॉलेजाचा राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च तू 85,000 डॉलर लिहिला आहेस. डॉलर 85 रुपयांना धरला तरी वर्षाचे 72 लाख होतात, चार वर्षांचे 2 कोटी 89 लाख. यात दरवर्षीची फीवाढ नाही, विमानाची तिकिटं नाहीत, आणि डॉलरही 85 वर थांबलेला नाही. 2014 मध्ये तो साठ-बासष्टच्या आसपास होता. निम्मा खर्च म्हणजे जवळजवळ दीड कोटी. मोबदल्यातले उरतात चाळीस-पंचेचाळीस लाख, धाकट्या भावाचं शिक्षण अजून व्हायचंय आणि जमीन तर गेलीच. पूर्वी दरवर्षी उसाचे पैसे यायचे, ते आता येणार नाहीत. तुमच्या घरी आवक वाढलेली नाही. मालमत्तेचं रूप बदललंय आणि वार्षिक उत्पन्न उलट कमी झालंय.

आणि हा हिशेबही सगळे 1 कोटी 90 लाख बाबांचे आहेत असं धरून केलाय. ते आहेत का?

सातबाऱ्यावर तीन नावं आहेत असं तूच लिहिलंस. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे, हे हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने देशभर लागू झालं. महाराष्ट्राने तर तशी दुरुस्ती 1994 मध्येच केली होती. वडील 2005 मध्ये हयात होते की नव्हते यावरून मुलीचा हक्क ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला. आत्यांनी सही केली ती रक्कम एका खात्यावर यावी म्हणून केली की आपला वाटा सोडला म्हणून, हे दोन वेगळे कागद आहेत. संमतीपत्र म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे. तिघांचे वाटे सारखे असतील तर बाबांच्या वाट्याला येतात 63 लाख. तुझ्या आवडत्या कॉलेजचं एक वर्षसुद्धा त्यात पूर्ण होत नाही.

तू म्हणशील, आत्या काही मागणार नाहीत. नसतीलही. आपल्याकडे बहिणी सह्या करतात, माहेर तुटू नये म्हणून करतात, आणि दिवाळीला साडी मिळाली की सगळं ठीक आहे असं सगळे धरून चालतात. तुला दोष देत नाहीये मी. हा व्यवहार तुझ्या जन्माआधीपासून चालत आलाय. पण तू अर्थशास्त्र शिकायला निघाली आहेस आणि एका मुलीच्या शिक्षणासाठी दोन बहिणींचा वाटा न विचारता वापरला जाणार असेल, तर तो प्रश्न निदान तुझ्या नजरेतून सुटू नये. आत्यांना विचारून, त्या मनापासून हो म्हणाल्या, हवं तर उसने म्हणून लिहून घेतलं, तर ते पैसे वापरायला काही हरकत नाही. माझं म्हणणं फक्त एवढंच की विचारा. बाबांनी विचारावं, तू समोर असावंस.

आई काहीच बोलत नाही, हे तू पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहून मोकळी झालीस. ती का बोलत नाही हे तिला विचारलंस का? कदाचित हाच हिशेब तिने केव्हाच केला असेल. कदाचित तिला वेगळीच भीती असेल. घरातला मोठा खर्च ठरताना जो माणूस गप्प बसतो त्याचं मत बहुतेक वेळा तयार असतं, विचारणारं कोणी नसतं.

घरातला आकडा एकदा नक्की झाला की पुढचं सोपं होतं. आकडा कोणता? चार वर्षं, दरवर्षी, कर्ज धरून किंवा न धरता, इतके रुपये आम्ही देऊ शकतो, असा. पहिल्या वर्षाचा नव्हे.

हा आकडा उपयोगी पडतो तो प्रतीक्षायादीवरच्या कॉलेजात. अमेरिकेत बहुतेक कॉलेजांना प्रवेश पक्का करण्याची तारीख 1 मे असते. त्यानंतर कोण येतंय, कोण नाही हे कळतं आणि जागा उरल्या तर प्रतीक्षायादी उघडते. तोवर मदतीचा निधी बहुधा संपत आलेला असतो. म्हणून तिथे कमी मदत लागणाऱ्या मुलाचं पारडं जड होऊ शकतं. तिथल्या प्रवेश कार्यालयाला एक छोटा मेल कर, तुझ्या स्वतःच्या इंग्रजीत. जागा मिळाली तर मी नक्की येईन (हे खरं असेल तरच लिही). डिसेंबरनंतर माझ्याकडून हे हे नवीन झालं. अर्ज केल्यानंतर आमच्याकडे भूसंपादनाचा मोबदला आला आहे, आर्थिक मदतीच्या अर्जात तशी दुरुस्ती करता येईल का, कशी करायची? बस्स. काही कॉलेजं अशी दुरुस्ती घेतात, काही म्हणतात की अर्जाच्या वेळी जे लिहिलं तेच कायम. विचारायला पैसे पडत नाहीत.

इथे एक मोठा धोका आहे. ‘मदत नकोच म्हणून टाक, आत गेल्यावर बघू’ असा सल्ला तुला कोणीतरी देणार. बहुतेक ‘नीड-अवेअर’ कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. दुसऱ्या वर्षी पैसे संपले तर परत यायचं, अर्धी पदवी घेऊन. आणि ‘तिथे काम करून फी निघते’ हेही ऐकशील. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरच, आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं. त्यातून वरखर्च निघतो. 72 लाख निघत नाहीत.

राज्य विद्यापीठाचं पत्र तू फार घाईने बाजूला ठेवलं आहेस असं मला वाटलं. खर्च 45,000 डॉलर, त्यातून शिष्यवृत्तीचे 12,000 वजा, राहिले 33,000. वर्षाचे 28 लाख, चार वर्षांचे 1 कोटी 12 लाख. आत्यांच्या होकाराने हे पूर्ण बसतं. फक्त बाबांच्या वाट्यातून गेलीस तर मोठं कर्ज काढावं लागेल, आणि ते मी अठराव्या वर्षी काढायला सांगणार नाही. शिष्यवृत्ती टिकवायला किती गुण लागतात आणि ती चारही वर्षांसाठी आहे ना, हे त्यांच्या पत्रात बारीक अक्षरांत असेल, ते वाच. जायचं ठरलं तर 1 मे पूर्वी तिथे अनामत भरून ठेव. तिथे जागा धरून दुसरीकडे प्रतीक्षायादीवर राहणं रीतीला धरून आहे. दोन कॉलेजांत एकाच वेळी अनामत भरणं नाही. ही अनामत सहसा परत मिळत नाही, हेही घरी आधीच सांगून ठेव.

पैशांची कागदपत्रं आत्तापासून गोळा कर. कॉलेज विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-20 हा कागद देतं तेव्हा निदान पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज बघतं आणि पुढे व्हिसाच्या मुलाखतीत हे पैसे कुठून आले हा प्रश्न येतो. ज्या खात्यावर वर्षानुवर्षं चाळीस-पन्नास हजार असायचे तिथे एकदम जवळजवळ दोन कोटी दिसले की कोणीही विचारेल. भूसंपादनाच्या निवाड्याची प्रत, मोबदला जमा झाल्याची नोंद, सातबारा आणि फेरफार, या सगळ्यांचा इंग्रजी अनुवाद करून ठेव. आत्यांचे पैसे त्यात असतील तर त्यांचं लेखी पत्रही लागेल. बघ, शेवटी तो विषय तिथेही येतोच.

दुसरा रस्ता पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करण्याचा. नाकारलेल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षी अर्ज करायला बहुतेक ठिकाणी मनाई नसते आणि तेव्हा बदललेली परिस्थिती अर्जातच, वेळेवर, योग्य जागी लिहिता येते. गेल्या वर्षीचे आकडे त्यांच्याकडे असू शकतात, त्यामुळे फरक का पडला ते दोन ओळींत आपणहून लिहायचं. पण एक मेख आहे, ती फार मुलांना उशिरा कळते. यंदा इथे पदवीला प्रवेश घेतलास तर पुढच्या वर्षी बरीच कॉलेजं तुला नवी विद्यार्थिनी न धरता बदली विद्यार्थिनी धरतील, आणि त्या रांगेत परदेशी मुलांना मदत आणखी दुर्मिळ. म्हणजे वर्ष मोकळं ठेवायचं तर खरंच मोकळं ठेवावं लागतं. एका अनिश्चित कॉलेजासाठी वर्ष सोडावं का? तुझ्या जागी मी सोडलं नसतं. पण तुला अर्थशास्त्राचं किती वेड आहे हे तुझ्या निबंधातून दिसतं, त्यामुळे माझं मत माझ्यापाशी.

इथे राहण्याचा पर्याय तू पत्रात शिक्षेसारखा लिहिलायस. तो तसा नाही. पुण्यात अर्थशास्त्राची गोखले संस्था आहे, कोलकात्याला आयएसआय ही संख्याशास्त्राची संस्था आहे, आणि अर्थशास्त्रातली पीएचडी अमेरिकेत करायची झाली तर चांगली विद्यापीठं सहसा फी माफ करतात, वर विद्यावेतन देतात. घरच्या जमिनीच्या पैशांना हात न लावता अमेरिकेत अर्थशास्त्र शिकायचा तो रस्ता आहे. लांबचा आहे, हे कबूल. एमएचटी-सीईटीचा फॉर्म भरला आहेस तर परीक्षाही देऊन टाक, दार उघडं राहतं.

या निमित्ताने इतर वाचकांसाठी थोडं. गेल्या काही महिन्यांत नेमकी उलटी पत्रंही आली आहेत : प्रवेश मिळाला, मदतही ठरली, आणि मग वडिलांची नोकरी गेली, आजारपण आलं, धंदा बसला. तुमची बाजू या मुलीपेक्षा पुष्कळ भक्कम आहे. ज्या कॉलेजाने तुम्हाला घेतलंय त्याच्या आर्थिक मदत कार्यालयाला रक्कम पुन्हा तपासा म्हणून विनंती करता येते आणि बऱ्याच ठिकाणी त्याची ठरलेली पद्धत असते. प्रवेश कार्यालयाला लिहू नका, ते टेबल वेगळं. काय घडलं, कोणत्या तारखेला, त्याने वर्षाचं उत्पन्न किती होतं आणि किती राहिलं, आणि तुम्हाला नेमके किती डॉलर कमी पडतात, हे एका पानात लिहा. सोबत कागद जोडा : कामावरून कमी केल्याचं पत्र, रुग्णालयाची बिलं, बँकेचा उतारा. ‘शक्य तेवढी मदत करा’ असं लिहिलेलं पत्र बाजूला पडतं, कारण वाचणाऱ्याला काय करायचं ते कळत नाही. दुसऱ्या कॉलेजाने जास्त मदत दिली असेल तर तेही पत्र जोडा, मात्र घासाघीस केल्यासारखं लिहू नका. आणि 1 मेच्या आत. उत्तर यायला उशीर होणार असेल तर मुदत वाढवून मागा, ती मिळते पुष्कळदा.

तू मात्र आधी प्रतीक्षायादीच्या कॉलेजाला मेल करू नकोस. आधी आत्यांना फोन, मग आकडा, मग मेल. एक आठवडा आहे तुझ्याकडे, पुरेल.